काळ्या काचेतली तूट

माझ्याकडे आलेला लॅपटॉप आंधळा होता. पुण्याच्या एका कंपनीत असलेल्या माझ्या मेव्हण्याने तो सांगलीला आणून दिला तेव्हाच सांगितलं, "दाजी, यंत्र ठणठणीत आहे. पडद्यामागचा दिवा तेवढा गेलाय. बाहेरून मॉनिटर जोडा, खुशाल चालवा." नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गल्लीत कुणाकडे साधा कॉम्प्युटरही नव्हता, तिथे लॅपटॉप म्हणजे अपूर्वाई, मग तो आंधळा का असेना. मॉनिटर मी जुना मिळवला. चौदा इंची, वजन साडेअकरा किलो.

मेव्हण्याने दोन बटणं एकत्र दाबायला शिकवली. ती दाबली की चित्र लॅपटॉपवरून मॉनिटरवर जायचं. मी ती एकदा दाबली, मॉनिटर उजळला, काम झालं. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आधीही काळा होता, नंतरही काळाच राहिला.

अडचण एकच होती. त्याचं झाकण मिटलं की यंत्र झोपायचं, आणि झोपलं की उठेल याचा भरवसा नसे. सुरू करतानाही तीन वेळांत एकदा तरी अडायचं. म्हणून मी ते बंदच करत नसे. कचेरीला जाताना फक्त मॉनिटरचं बटण बंद करायचो. लॅपटॉप झाकण उघडं टाकून तसाच सुरू राही. आतला पंखा बारीक घरघरायचा आणि कडेला एक हिरवा ठिपका पेटलेला असे. कळफलकही वेगळा जोडला होता, त्यामुळे लॅपटॉप समोर असायचं कारण नव्हतं. टेबलाच्या डाव्या टोकाला, जरा तिरका, असा तो ठेवला होता. त्याचं काळं तोंड खोलीकडे होतं. तिथून सहा फुटांवर आबांची खाट.

एकदा भर दुपारी वीज गेली. मॉनिटर विझला, पण लॅपटॉपच्या बॅटरीत थोडा जीव होता, त्यामुळे पंखा चालूच राहिला. मी न बघता, आठवणीने बटणं दाबून केलेलं काम साठवलं. खाटेवरून आबा म्हणाले, "डोळं गेलं, पर डोस्कं चालू हाय म्हणायचं."

आबा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या हळदीच्या बाजारात त्यांनी एकतीस वर्षं तोलार म्हणून काम केलं. तोलार म्हणजे मालाचं वजन करून ते मोठ्याने पुकारणारा. वजनावर कोरलेले इंग्रजी आकडे वाचत वाचतच ते आकडे शिकले, आणि मराठी वाचायला त्यांना फौजेतल्या एका चुलत भावाने शिकवलं. काम सुटल्यावर ते मेढ्याजवळच्या आमच्या गावी, थोरल्या भावाकडे राहायला गेले होते. आजार पोटातला निघाला म्हणून मी त्यांना परत सांगलीला आणलं. डॉक्टरांनी तपासून मला बाजूला घेतलं आणि ऑपरेशनचा उपयोग नाही, असं सांगितलं.

आई गेली त्या वर्षी आबांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवून शब्द घेतला होता. "माझा शेवट गावात. दुसरीकडं कुटं मरू देऊ नगा." आम्ही दोघांनी हो म्हटलं होतं. आता तो शब्द पाळायची वेळ आली होती आणि कधी पाळायचा हे ठरवणं माझ्याकडे होतं. फार आधी नेलं तर गावात दुखण्यावरची सुई द्यायलाही कुणी नाही. उशीर केला तर जीपमधले घाटाचे धक्के त्यांना झेपणार नाहीत. डॉक्टरांना मी खोदून खोदून विचारलं. ते आधी टाळत होते. शेवटी म्हणाले, "अडतीस किलोच्या खाली गेले की हलवू नका."

आकडा मिळाला की मला धीर येतो. कचेरीत माझं काम नदीच्या पातळीच्या नोंदी ठेवण्याचं होतं. आज इतकी, काल तितकी, तर परवा किती असेल, हे काढायची मला सवय. घरी मी तेच केलं. आबांना दर रविवारी सकाळी वजनकाट्यावर बसवायचं ठरवलं. बाजारात मिळणारा गोल तबकडीचा काटा त्यांनी पाहिला आणि "हे खेळणं पोरीबाळींना दे" म्हणून बाजूला केला. मग ओळखीच्या वखारीतून लोखंडी पाट असलेला जुना दांडीचा काटा आणला. त्यावर स्टूल, स्टुलावर शाल पांघरून आबा. स्टूल आणि शालीचं वजन मी आधीच करून ठेवलं होतं, ते वजा करायचं. मॉनिटरचं वजनही तेव्हाच हौसेनं केलेलं.

पहिल्या रविवारी एकोणपन्नास किलो सहाशे ग्रॅम भरले. आठव्या रविवारी चव्वेचाळीस. म्हणजे आठवड्याला सरासरी आठशे ग्रॅम कमी. मी लॅपटॉपवर तक्ता केला. मराठी फॉन्ट टाकून वर तीन मथळे दिले: आठवडा, वजन, तूट. तूट हा शब्द आबांच्याच धंद्यातला. साठवलेला माल वाळून वजनात जो घटतो, ती तूट. आठव्या ओळीनंतर मी पुढच्या ओळी हिशेबाने भरल्या. नववा आठवडा त्रेचाळीस दोनशे, दहावा बेचाळीस चारशे, अकरावा एक्केचाळीस सहाशे, असं करत पंधरावा आठवडा उलटला की अडतीसची रेघ ओलांडली जात होती. हाताशी दीड आठवडा राखून मी चौदाव्या ओळीपुढे एकच शब्द लिहिला, मेढा. हे मी कुणालाही बोललो नाही, बायकोलाही नाही. मॉनिटर बंद केला आणि सोमवारी कचेरीत गेलो.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो, हातपाय धुतले, चहा घेत होतो. आबा भिंतीला टेकून बसले होते.

"चौदाव्या बाजारी न्हेणार व्हय मला?" ते म्हणाले. गावाकडे आठवडे बाजारावर मोजतात, ती सवय त्यांची शेवटपर्यंत होती.

"कुठं नेणार?"

"मेढ्याकडं. आनि कुटं?"

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला कोण म्हणालं?"

"म्हनायला कशाला लागतंय." त्यांनी डोळे मिटले.

स्वयंपाकघरात जाऊन मी बायकोला विचारलं, "तू आबांना काही बोललीस?"

"काय बोलणार? तुमचे आकडे तुमच्या त्या डब्यात. मला कधी दाखवलेत?"

योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं. पण चौदा हा आकडा योगायोगाने येत नाही. कुणीही दहा म्हणेल, बारा म्हणेल.

शुक्रवारी त्याच वेळी आबा पुन्हा बोलले. "तूट सरळ धरलीस रं तू. चुकलं तुजं."

तूट हा शब्द मी घरात उच्चारलाच नव्हता. माणसाच्या वजनाला तो लावायची मला लाज वाटली होती, म्हणून तो फक्त टाइप केला होता.

"हळद बघितलीस न्हवं?" ते शांतपणे सांगत होते. "पयल्या पंधरवड्यात झपाझप उतरती. पानी जातंय. एकदा पानी सपलं की तूट बसती. मग म्हैना म्हैना काटा हालत न्हाई. येत्या रविवारी त्रेचाळीस नऊशे भरंन मी. लिहून ठेव."

रविवारी त्रेचाळीस आठशे भरले. माझ्या हिशेबापेक्षा सहाशे ग्रॅम जास्त. त्यांच्या सांगण्यापेक्षा शंभर कमी. दांडी सम व्हायची वाट पाहत मी तीनदा बघितलं.

"शंभर चुकलो," आबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यासाठी त्यांनी त्रेचाळीस सहाशे सांगितले. त्रेचाळीस सहाशेच भरले. जेवण तर रोज कमी होत होतं, मी वाटीने मोजत होतो. मनगटाची हाडं वर आली होती. दोन्ही गालांत खळगे पडले होते. माणूस डोळ्यांदेखत वाळतोय आणि काटा सांगतोय की तो वाळायचा थांबलाय. डॉक्टरांना आकडे दाखवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि "काटा तपासून घ्या" म्हणाले. काटा मी आधीच तपासला होता. पाच किलो साखरेला तो पाच किलोच दाखवत होता.

आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. अंगात येणं, कौल लावणं, भानामती, हे आबांनी तरुणपणीच घराबाहेर काढलं होतं. त्याच घरात बायको हळू आवाजात मला म्हणाली, "आवं, आबांना पुढचं दिसतंय का काय?"

"असलं काही नसतं."

"नसतं तर नसतं. पण रोज चार वाजले की मला पश्चिमेची खिडकी उघडायला लावतात. आणि मग त्या तुमच्या काळ्या काचेकडे बघत बसतात. तासभर. हाक मारली तरी ओ देत नाहीत."

"बंद काच आहे ती. आत काही नाही."

"मी विचारलं त्यांना, काय बघताय म्हणून. म्हणाले, मी वाळतोय ते बघतोय." तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "त्याच्यावर फडकं तरी टाका."

फडकं टाकलं तर यंत्र तापेल, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मलाही त्या काचेकडे बघवत नव्हतं. संध्याकाळी मी काम करायला बसलो की डाव्या हाताला तिचं अस्तित्व जाणवे. समोर मॉनिटरवर आकडे उजळलेले, आणि बाजूला ते काळं तोंड, आबांकडे वळलेलं. कधी कधी वाटायचं, मी लिहितोय ते तिला कळतंय आणि माझ्या पाठीमागे ती ते सांगतेय. आकड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला असं वाटावं, याचा मला राग येई.

अकराव्या रविवारी आबांनी त्रेचाळीस पाचशे सांगितले. त्रेचाळीस पाचशे भरले. मी तक्त्यात लिहिलं.

त्याच आठवड्यात दुसरा शनिवार आला. कचेरीला सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमाराला आबांचे पाय चेपत मी त्यांच्या खाटेवर, त्यांच्याच उशाकडे तोंड करून बसलो होतो. ते म्हणाले, "जरा सरकून हिकडं बस, पाठ भिताडाला लाव." मी त्यांच्या शेजारी भिंतीला टेकलो. बायकोने खिडकी उघडली. ऊन टेबलावर आलं, हळूहळू सरकत लॅपटॉपवर चढलं आणि त्या काचेवर तिरकं पडलं.

काचेत आकडे होते.

मॉनिटर बंद असल्याची मी मान वळवून खात्री करून घेतली. काच काळीच होती. पण त्या काळ्यात, नदीच्या तळाशी पायऱ्या दिसाव्यात तसे, आणखी काळे आकडे उभे होते. ओळीखाली ओळ. वर तीन मथळे. मधे एक रेघ. आणि चौदाव्या ओळीपुढे मेढा.

मग डोकं कामाला लागलं. पडद्यामागचा दिवा गेला होता, पडदा गेला नव्हता. ती दोन बटणं एकदा दाबली की चित्र दोन्हीकडे जात असणार, आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर फक्त बाहेर. मी एकदाच दाबली होती. इतके आठवडे माझा तक्ता त्या आंधळ्या पडद्यावरही उमटत होता. मी कचेरीत गेल्यावर, मॉनिटर बंद असतानाही. फक्त उजेड नव्हता, आणि तो रोज चार वाजता खिडकीतून येत होता. मोतीबिंदू काढल्यापासून आबांना लांबचं स्वच्छ दिसायचं.

"पयल्यांदा वाटलं, माजंच डोळं बिघडलं," आबा म्हणाले. ते काचेकडेच बघत होते. "मग तुजा मेढा दिसला."

म्हणजे चौदा कळला, तूट कळली. पण वजनाचं काय? तक्त्यात दिसतो म्हणून आकडा सांगता येईल. भरता कसा येईल?

मी मनातच वजाबाकी केली. नववा आठवडा, सांगितलेले त्रेचाळीस नऊशे, माझ्या हिशेबाचे त्रेचाळीस दोनशे, फरक सातशे. दहावा, फरक एक किलो दोनशे. अकरावा, फरक एक किलो नऊशे. सातशे म्हणजे पाचशे आणि दोनशे. एक किलो दोनशे म्हणजे किलो आणि दोनशे. एक किलो नऊशे म्हणजे किलो, पाचशे आणि दोनदा दोनशे. हे माणसाच्या अंगाचे आकडे नव्हते. हे लोखंडाचे आकडे होते.

खाटेखाली आबांची पत्र्याची पेटी होती. मी ती ओढली. धुतलेल्या दोन धोतरांच्या खाली त्यांची जुनी वजनं होती, दोन किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत सगळी. शालीच्या आत, बंडीच्या खिशात घालून ते काट्यावर बसत होते.

"तुमच्या बंडीचा खिसा उसवलाय आबा," दारात उभी असलेली बायको म्हणाली. "गंजाचे डाग पण पडलेत. मला वाटलं, औषधाच्या गोळ्या लपवताय."

आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. एकतीस वर्षांत एका शेतकऱ्याची शंभर ग्रॅम हळद त्यांनी इकडची तिकडे केली नव्हती. तो माणूस स्वतःच्या वजनात खोट करत होता, तीही माझ्या तक्त्यात शोभेल अशी, बेताबेताने.

"का आबा?" मी विचारलं. "गावाला जायचंय म्हणून तुम्हीच शब्द घेतलात ना आमच्याकडून?"

"तवा तुमची आई नुकतीच गेलेली. तिच्या घरात मरावं वाटत हुतं." ते थांबले. दम लागत होता. "आता तितं काय हाय? थोरला कामावर, सून रानात. भिताडाकडं बघत पडायचं. हितं ही भाकरी थापताना माज्याशी बोलती. तू साडेसहाला येतोस, चा पितोस. मला दिसतंय."

"मग सांगायचं की."

"शब्द मी मागून घेतला रं. मीच कसा फिरवू? थोरल्याला काय वाटंल? धाकट्याचं घर ग्वाड लागलं म्हनंल."

मी टेबलाशी जाऊन मॉनिटर लावला आणि चौदाव्या ओळीपुढचा शब्द पुसला. ती दोन बटणं मात्र दुसऱ्यांदा दाबली नाहीत. सोमवारी चार वाजता खिडकी उघडल्यावर आबांनी काचेत बराच वेळ बघितलं आणि कपभर चहा मागून घेतला, असं बायकोने मला संध्याकाळी सांगितलं.

त्या शनिवार-सोमवारच्या मधल्या रविवारी, म्हणजे बाराव्या आठवड्याला, थोरला भाऊ गावाहून आला होता. जीप ठरवायची म्हणून मीच त्याला आधी पत्र घातलं होतं. काचेतला प्रकार झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. गावात गूळ आणि भाताच्या पोत्यांची हमाली करणारा माणूस, खांदे दाराएवढे.

"वजन बघू दे मला," तो म्हणाला. "तू पत्रात लय आकडं लिवतोस. डोळ्यानं बघतो."

आबांनी बायकोकडे बघितलं. ती त्यांना बंडी घालायला आत घेऊन गेली. पहाटेच तिने तो खिसा आतून दुहेरी कापड लावून शिवलेला मी पाहिला होता. बाहेर आणून तिने त्यांना स्टुलावर बसवलं, शाल नीट लपेटली.

मी दांडीवरचं वजन सरकवलं. स्टूल आणि शाल वजा करून जे उरलं, त्यातून लोखंडाचे दोन किलो सहाशे अजून वजा करायचे आहेत, हे मला ठाऊक होतं. आबा माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात नदीची पातळी एका सेंटिमीटरने चुकीची लिहिलेली नाही.

"त्रेचाळीस चारशे," मी मोठ्याने म्हणालो. "तूट बसलीय. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात हलवायची घाई नाही."

थोरल्याने मान हलवली. मग पुढे होऊन त्याने आबांना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं, छातीशी धरलं आणि खाटेवर न्यायला वळला. दोन पावलांवर तो थबकला.

"आबा, लय टनक झालाय की तुमी."

"हाडं हायत लेका."

"हाडं एवढी वाजत्यात?"

थोरल्याने त्यांना अलगद खाटेवर ठेवलं. शालीखाली हात घातला, क्षणभर तिथेच ठेवला आणि काढून घेतला. मग तो माझ्याकडे वळला. पोत्याखाली उभं आयुष्य काढलेल्या माणसाला किती भार कुठे आहे, हे सांगावं लागत नाही.

"किती म्हनालास?" त्याने विचारलं.

"त्रेचाळीस चारशे."

तो आबांच्या पायथ्याशी बसला. त्यांच्या तळव्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"मग जीप नगं सांगायला," तो म्हणाला. "मीच येत जाईन दर रविवारी. आबा, चालंल न्हवं?"

आबांनी मान हलवली. थोरल्याने खाली वाकून त्यांच्या बंडीच्या खिशातून वजनं एकेक काढली, दोन किलो, पाचशे, शंभर, आणि काट्याच्या लोखंडी पाटावर रांगेनं मांडून ठेवली.